जामीनदाराची सही आणि अचौर्यव्रत

जामीन राहणे आणि जामीन घेणे या दोन्ही गोष्टी व्यापारी घराण्यांना नव्या नाहीत. हुंडीच्या काळात शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही अनोळखी माणसाच्या हाती पडत नसत. बाजारात ज्याची पत मान्य आहे अशा शहाच्या मार्फतच ती हुंडी वटे, आणि पुढे ती खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. हुंडी स्वीकारली न जाण्याची शंका असल्यास लिहिणारा धारकाजवळ जिकरी चिठ्ठी देत असे. अडचणीच्या वेळी त्याच गावातील दुसऱ्या पेढीने पैसे भागवावेत, अशी ती विनंती असे. या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी कागदापेक्षा ओळख होती. आपण कोणासाठी, किती रकमेसाठी आणि किती दिवसांसाठी आपले नाव पणाला लावतो आहोत, हे जामीन राहणारा पेढीवाला पुरते जाणून असे. ‘शहाजोग’ या शब्दाला आजच्या मराठीत सज्जनपणाचा आव आणणारा अशी उपरोधाची छटा आली आहे. जामीनकीच्या बाबतीतही काहीसे तसेच घडले आहे. शब्द राहिला, कागद वाढले, ओळख मात्र आटली.

हा बदल सर्वांत ठळक दिसतो तो घर भाड्याने देण्याच्या व्यवहारात. सांगली, कोल्हापूर, बार्शी, बारामती अशा गावांतील अनेक व्यापारी कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने पुण्यात एखादा फ्लॅट घेतला. मुले शिकून आपापल्या वाटेने गेली, फ्लॅट राहिला आणि तो भाड्याने देणे ओघाने आले. मालक गावी, जागा शहरात, मधे एजंट. अर्जदार येतो तो बहुधा पंचविशीच्या आतला, नोकरीला नुकताच लागलेला. त्याचा पगार भाड्याच्या मानाने तोकडा असतो आणि मागील भाड्याचा काही दाखला नसतो. अशा वेळी एजंट एक वाक्य हमखास बोलतो, ‘‘शेठ, जामीनदार भक्कम आहे, तुम्ही निर्धास्त राहा.’’ आणि मालक खरोखरच निर्धास्त होतो. अर्जदाराची चौकशी तिथेच थांबते, आणि जामीनदाराची तर सुरूच होत नाही.

जामीनदार लागतो कोणाला, याचा प्रथम विचार केला पाहिजे. विद्यार्थ्याला लागतो, पहिल्या नोकरीतल्या मुलाला लागतो, ज्याच्या दुकानाला अजून तीन वर्षे झाली नाहीत आणि आयकराची विवरणपत्रे पुरेशी नाहीत अशा नव्या व्यापाऱ्याला लागतो, शिवणकाम किंवा डबे करून संसार चालवणाऱ्या एकट्या बाईला लागतो. यांच्यापैकी कोणीही अप्रामाणिक आहे म्हणून जामीन मागितला जात नाही. त्यांच्या नावावर अजून इतिहास जमलेला नाही, एवढेच. अशांना सरसकट नकार देणे सोपे असते, पण ते समाजाच्या परंपरेला धरून होणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिक्षण घेतले आणि पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. परगावच्या मुलाच्या डोक्यावर छप्पर असणे ही तेव्हा समाजाने आपली जबाबदारी मानली होती. आज ते छप्पर करारनाम्याने मिळते, म्हणून त्यामागची जबाबदारी नाहीशी होत नाही. तेव्हा अर्जदाराला दार उघडावे की नाही, यापेक्षा ते उघडताना तिसऱ्या माणसाच्या खांद्यावर किती भार टाकावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा भार लहान नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२६ मध्ये जामीनकीच्या करारातील तीन पक्ष सांगितले आहेत: देणे ज्याला मिळायचे तो धनको, ज्याने द्यायचे तो मूळ ऋणको, आणि त्याने न दिल्यास देण्याचे वचन देणारा जामीनदार. कलम १२८ प्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे भाडे थकल्यावर मालकाने आधी भाडेकरूशी अखेरपर्यंत झगडावे आणि काहीच हाती न लागल्यावर जामीनदाराकडे वळावे, असे बंधन नाही. तो थेट जामीनदाराच्या दारात उभा राहू शकतो. सही करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. बहुतेकांना वाटते की, पोरगा चांगल्या घरचा आहे एवढे सांगणारी ही ओळखीची सही आहे.

पुण्यातील एका वसाहतीत घडलेली हकिकत या समजुतीची किंमत दाखवते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक साडूच्या मुलासाठी जामीन राहिले. भाडे १५,००० रुपये, अनामत ४५,००० रुपये, मुदत अकरा महिने. मुलाने मोबाईलच्या सुट्या भागांचा छोटा व्यवसाय सुरू केला होता. चार महिने भाडे वेळेवर आले, मग व्यवसाय बसला आणि भाडे थांबले. मालकाने मुलाकडे तगादा लावला नाही आणि गुरुजींना तर एका शब्दानेही कळवले नाही. जामीनदार पक्का असल्यामुळे त्याला घाई नव्हती. अकरा महिने पूर्ण झाल्यावर मुलगा जागा सोडून गेला आणि गुरुजींना नोटीस आली: सात महिन्यांचे १,०५,००० रुपये. अनामत कुठे गेली, असे विचारल्यावर रंगकाम आणि दुरुस्तीत ती जिरली, असे उत्तर मिळाले. गुरुजींनी कोणाशी वाद घातला नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली आणि पैसे भरले. त्यानंतर दोघी सख्ख्या बहिणींच्या घरांतले येणेजाणे बंद झाले.

मालकाने काही बेकायदेशीर केले का? सात महिने गप्प बसण्यापुरते पाहिले तर कायदा त्याच्याच बाजूचा आहे. केवळ मागणी केली नाही किंवा दावा लावला नाही म्हणून जामीनदार सुटत नाही, असे कलम १३७ सांगते. अनामतीचा प्रश्न मात्र निराळा होता. मालकाजवळ असलेल्या तारणाचा लाभ मिळण्याचा हक्क जामीनदाराला कलम १४१ देते. गुरुजींना तो ठाऊक नव्हता आणि सांगणारे कोणी भेटले नाही. पहिल्याच महिन्यात त्यांना कळले असते तर १५,००० रुपयांवर प्रकरण मिटले असते, मुलाला वेळीच गावी परत बोलावता आले असते आणि दोन घरे तुटली नसती. मालकाच्या वहीत वसुली पूर्ण झाली. पण त्या वसुलीत गुरुजींनी समजून उमजून दिलेले किती होते?

हा प्रश्न श्रावकाच्या आचाराला थेट भिडतो. पाच अणुव्रतांतील अचौर्याचा अर्थ केवळ दुसऱ्याच्या तिजोरीला हात न लावणे एवढाच नाही. तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या अदत्तादान अशी केली आहे, म्हणजे न दिलेले घेणे. सही कागदावर आहे म्हणून ती दिली गेली, असे व्यवहार मानतो. परंतु ज्याने आपण काय देत आहोत हे जाणलेच नाही, त्याने खरोखर काही दिले असे म्हणता येईल का? हाताने सही केली, मनाने केवळ ओळख दिली. त्या सहीच्या जोरावर त्याची मुदत ठेव मोडून घेणे हे अदत्तादानाच्या फार जवळ जाते. करार कायद्यालाही या मर्यादेची जाणीव आहे. महत्त्वाच्या गोष्टीविषयी धनकोने चुकीची माहिती देऊन किंवा त्याच्या संमतीने तशी दिली जाऊन मिळवलेली जामीनकी कलम १४२ प्रमाणे, आणि महत्त्वाच्या बाबीविषयी मौन पाळून मिळवलेली जामीनकी कलम १४३ प्रमाणे अवैध ठरते. कायदा मालकाला खोटेपणापासून आणि लपवाछपवीपासून अडवतो. व्रत त्याच्याही पुढे जाऊन, समोरच्याला समजले की नाही हे पाहायला सांगते.

सांगलीतील हळदीच्या आडतीचा व्यवसाय असलेल्या एका घरात हा विचार काही वर्षांपूर्वी प्रत्यक्ष कसोटीला लागला. घरातील वडीलधाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावर त्यांचा एक लहान फ्लॅट आहे. एजंटशी बोलणे धाकटा मुलगा करतो, हिशेब आणि कागदपत्रे सूनबाई पाहतात. त्या वर्षी अर्ज आला तो एका तरुणाचा. हाती पडणारा पगार ३१,००० रुपये, भाडे १८,००० रुपये. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाडे जाऊ लागले की घर डगमगते, हा अण्णांचा जुना आडाखा. इथे तर निम्म्याहून अधिक जात होते. पण मुलाला आईच्या उपचारांसाठी तिला पुण्यात ठेवायचे होते. त्यामुळे मित्रांबरोबर खोलीत राहण्याची सोय त्याला चालण्यासारखी नव्हती. जामीनदार म्हणून सोलापूर जिल्ह्यातील त्याच्या मामांचे नाव होते. त्यांचे किराणा दुकान होते. हमीपत्र एजंटने छापील दिले होते आणि मामांच्या आधारची प्रत व्हॉट्सॲपवर येऊन पडली होती. मुलाच्या मते काम झाले होते. अण्णांनी मामांना फोन लावला.

‘‘नमस्कार, सांगलीहून बोलतोय. भाच्याच्या जागेसाठी तुम्ही जामीन राहताय, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?’’

‘‘हो, हो. ओळखीची सही पाहिजे म्हणाला. आधारची झेरॉक्स पाठवली आहे की.’’

‘‘ती ओळखीची नाही, पैशाची सही आहे. त्याने भाडं थकवलं, तर ते तुमच्याकडून घ्यायचं असा तिचा अर्थ होतो.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, ‘‘किती महिन्यांचं?’’

‘‘कागदावर काही मर्यादाच लिहिलेली नाही. म्हणून तर फोन केला. आणखी कुठं जामीन आहात का?’’

मामा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी पतसंस्थेत जामीन होते. तेही बहुधा ‘ओळखीची सही’ म्हणूनच. घरी येऊन भेटतो, असे सांगून त्यांनी फोन ठेवला. धाकटा मुलगा नाराज झाला.

‘‘अण्णा, तो सही करायला तयार होता. तुम्हीच त्याला घाबरवलंत.’’

‘‘घाबरायचं असेल तर सहीच्या आधी घाबरू दे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘नंतर घाबरला तर ते आपल्या खात्यावर पडेल.’’

पुढच्या रविवारी मामा आणि मामी दोघेही सांगलीला आले. सूनबाईंनी छापील हमीपत्र बाजूला ठेवून नवे लिहून काढले होते आणि ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवले. जबाबदारी तीन महिन्यांच्या भाड्यापुरती, म्हणजे अधिकात अधिक ५४,००० रुपये. मुदत याच अकरा महिन्यांची; करार पुढे वाढला किंवा भाडे बदलले तर मामांची नवी सही झाल्याशिवाय त्यांच्यावर काही येणार नाही. भाडे थकल्यास पंधरा दिवसांच्या आत मामांना लेखी कळवायचे. आधी अनामत वळती करायची, मगच मामांकडे मागणी करायची. वाचन झाल्यावर मामी म्हणाल्या, ‘‘यांच्या माघारी हे पोरांवर येणार नाही ना?’’ सूनबाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. ‘‘तोपर्यंत थकलेलं असेल तेवढं यांच्या मागं राहिलेल्या मालमत्तेतून द्यावं लागेल. त्यानंतरचं काही येणार नाही. तसं कागदात लिहिलं आहे,’’ असे त्यांनी सांगितले. करार कायद्याचे कलम १३१ चालू जामीनकीबाबत हेच सांगते, करारात उलट काही लिहिलेले नसेल तर. मामांनी सही केली.

आठव्या महिन्यात मुलाची नोकरी गेली. भाडे आले नाही. पंधराव्या दिवसाच्या आत मामांना पत्र गेले आणि फोनही. तोवर मुलाने घरी काही सांगितलेच नव्हते. या पत्रामुळे खरी परिस्थिती घरात कळली. नवी नोकरी पाहण्यासाठी आणि आईचे उपचार मधेच तुटू नयेत म्हणून दोन महिने द्यावेत, असे मामांनी सुचवले. दहाव्या महिन्याच्या अखेरीस मुलाने जागा रिकामी करून दिली. थकबाकी ५४,००० रुपये झाली होती. ३६,००० रुपयांची अनामत त्यात वळती झाली, उरलेले १८,००० रुपये मामांनी दोन हप्त्यांत दिले. प्रत्येक वेळी सूनबाईंनी त्यांना पावती दिली, कारण जामीनदाराने रीतसर भरलेले पैसे मूळ ऋणकोकडून परत मिळवण्याचा हक्क कलम १४५ प्रमाणे त्याला असतो आणि त्यासाठी पुरावा लागतो. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला आणि रंगाला १४,००० रुपये लागले. धाकट्या मुलाने हिशेब मांडला: मूळचे छापील हमीपत्र असते तर हे ३२,००० रुपयेही मागता आले असते. अण्णांनी हिशेब पाहिला आणि रक्कम देखभालीच्या खात्यात लिहायला सांगितली. ‘‘जागा रिकामी राहणं आणि रंग लावणं हा भाड्याच्या धंद्याचा खर्च आहे. तो आपल्या उत्पन्नातून जातो, त्यांच्या दुकानातून नाही.’’

या दोन हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे जामीनदारावर विसंबणाऱ्या अर्जदाराची पारख कशी करावी, याचा क्रम स्पष्ट होतो. पहिली पारख अर्जदाराची, जणू जामीनदार नाहीच असे समजून. सहा महिन्यांचे बँकेचे खातेउतारे, नोकरीचे पत्र, आधीच्या घरमालकाचा अनुभव. सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचे मत अधिक भरवशाचे असते, कारण नकोसा भाडेकरू लवकर जावा म्हणून सध्याचा मालक त्याची स्तुतीही करू शकतो. पगारपत्रकावर छापलेल्या क्रमांकावर फोन न करता कंपनीचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून विचारावे. खोटे पगारपत्रक बनवणे ही कूटलेखक्रिया, म्हणजे सत्याणुव्रताचा एक अतिचार. आणि ते खोटे असल्याचा संशय असूनही ‘जामीनदार आहे ना’ म्हणून डोळेझाक करणारा मालक त्या अतिचाराचा वाटेकरी होतो. जो अर्जदार जामीनदाराविना अगदीच उभा राहू शकत नाही, त्याचे भाडे वास्तविक जामीनदारच भरणार आहे. मग तसे सरळ बोलावे, किंवा कमी भाड्याची जागा सुचवावी.

दुसरी पारख जामीनदाराची. त्याला प्रत्यक्ष भेटावे; निदान त्याच्याशी स्वतः बोलावे. एजंटने उभा केलेला, अर्जदाराशी कसलेच नाते नसलेला जामीनदार घेऊ नये. त्याचे उत्पन्न किती, त्याच्यावर स्वतःची कर्जे कोणती आणि तो आणखी कोठे जामीन आहे, हे विचारावे. बँकेच्या कर्जाला जामीन राहिल्याची नोंद जामीनदाराच्या पतअहवालात दिसते, आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. जामीनदाराने तो स्वतः मागवून पाहावा, असे सुचवण्यात संकोच नको. उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन असेल, वय उतरते असेल, घरात लग्न किंवा आजारपण तोंडावर असेल, तर त्याची सही कायद्याने चालेल. मालकाच्या मनाने ती घ्यावी का, हे ठरवायचे आहे.

तिसरी पारख कागदाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर दंड किंवा कैद होऊ शकते आणि अटींविषयी वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मूळ करारच असा डळमळीत असेल, तर त्यावर उभी केलेली जामीनकी काय कामाची? जामीनदाराची रक्कम, मुदत आणि त्याला कळवण्याची रीत हमीपत्रात स्पष्ट असावी. जामीनदाराला न विचारता अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरता तो कलम १३३ प्रमाणे मोकळा होतो. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवून नवा करार करायचा आणि हमीपत्र मात्र पहिल्या वर्षाचेच फायलीत ठेवायचे, ही अनेक घरांतली सवय मालकालाच महागात पडू शकते.

या पारखीत आणखी एक गोष्ट सांभाळायची असते, आणि ती कागदाहून अवघड आहे. जामीनदार कोणाला मागायचा, याचा नियम उत्पन्नावर ठरवलेला असेल तर तो सर्वांना सारखा हवा. आडनाव ऐकून एकाला सोडायचे आणि दुसऱ्याला दोन जामीनदार आणायला लावायचे, हा पतीचा विचार नव्हे. ‘आपल्याच समाजाचा आहे’ हे वाक्य ओळख सांगते, भाडे भरण्याची ऐपत सांगत नाही. समाजातील अर्जदारालाही तीच तीन पारखी लावाव्यात. पुरेसा पगार असलेल्या तिशीतल्या नोकरदार मुलीकडे वडिलांची सही मागणे हीसुद्धा अशीच एक सवय आहे. त्या सहीने पैशाची सुरक्षितता वाढत नाही, फक्त तिच्या कर्तृत्वाचा अवमान होतो. घराविषयी मालकाची काही अपेक्षा असेल तर ती पहिल्याच भेटीत स्वच्छ शब्दांत सांगावी. तिच्यावर जामीनदाराच्या अटीचा पडदा टाकून अर्जदाराला हेलपाटे घालायला लावणे हे सत्याला धरून नाही.

हाती आलेली माहितीही ठेवीसारखीच असते. अर्जदाराचा पगार, जामीनदाराची कर्जे, कोणाच्या आईचे आजारपण हे सारे विश्वासाने सांगितलेले असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आधारच्या प्रती टाकणे, दुकानात बसून ‘अमक्याच्या मामाची काय परिस्थिती आहे’ याची चर्चा करणे, याला शास्त्राने रहोभ्याख्यान असे नाव दिले आहे. दुसऱ्याचे गुपित उघड करणे हा सत्याणुव्रताचा अतिचार मानला आहे, मग ते गुपित खरे का असेना. अर्ज नाकारला तर कागद परत द्यावेत किंवा नष्ट करावेत, आणि नकाराचे कारण फक्त अर्जदाराला सांगावे.

अनामतीबाबत तर शास्त्रकारांची दृष्टी थक्क करणारी आहे. न्यासापहार या अतिचाराचे जे स्पष्टीकरण टीकाकारांनी केले आहे, ते असे: ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते हे विसरला आणि कमी मागू लागला, तेव्हा ठेवून घेणाऱ्याने ‘हो, तेवढेच’ म्हणून मान डोलावली, तर तो दोष झाला. विशेष म्हणजे त्याची गणना अचौर्याच्या नव्हे, सत्याच्या अतिचारांत केली आहे, कारण दोष घडला तो त्या होकारात. घर सोडून जाणारा मुलगा घाईत असतो, जामीनदार परगावी असतो, आणि अनामतीतून काय वजा होऊ शकते हे दोघांनाही नीट ठाऊक नसते. नेहमीच्या वापराने उडालेला रंग त्यांच्या खात्यात टाकून ‘एवढेच उरले’ म्हणणे फार सोपे असते. हिशेब न मागताही तो लिहून देणे, एक प्रत भाडेकरूला आणि एक जामीनदाराला, हाच त्यावरचा उपाय.

भाडेकरू गेला, हिशेब मिटला, तरी जामीनदाराचे काम बहुतेक घरांत अर्धवटच राहते. हमीपत्र फायलीत पडून असते आणि गावाकडे तो माणूस आपल्यावर अजून काही येईल का या शंकेत राहतो. कधी तर त्याला जागा सुटल्याचेच कळलेले नसते. अण्णांच्या घरी यासाठी एक रीत पडली आहे. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते, नवे वीर निर्वाण संवत सुरू होते. त्यापूर्वीच्या आठवड्यात सूनबाई भाड्याची फाइल काढतात. ज्यांची मुदत संपली त्या जामीनदारांची मूळ हमीपत्रे ‘दायित्व संपले’ असा शेरा आणि तारीख घालून टपालाने परत जातात. सोबत दोन ओळींचे आभाराचे पत्र असते, कारण त्या माणसाने काहीही न मिळवता दुसऱ्याच्या घरासाठी आपले नाव दिलेले असते. मामांचे हमीपत्रही त्याच वर्षी परत गेले. नव्या वहीत येणेकऱ्यांची आणि देणेकऱ्यांची नावे लिहिली जातात. ज्याचे काहीच देणे उरलेले नाही अशा माणसाचे नाव जुन्या कागदावर अडकून राहू नये, एवढी काळजी त्या आठवड्यात घेतली जाते.